सोळा महिन्यांच्या काळ्या गाडीला मशीन पॉलिश करावं का? सिंधुदुर्गातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

काळ्या रंगाची कॉम्पॅक्ट एसयूव्ही, वय सोळा महिने, रनिंग १९,००० किलोमीटरच्या आसपास. मालक वेंगुर्ला तालुक्यातल्या शाळेत शिक्षक. घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, अंगण जांभ्या मातीचं, आणि गाडी उभी राहते ती हापूसच्या कलमाखाली. बोअरवेलचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. मुंबईला जायचं झालं की गाडी दोन-तीन दिवस कुडाळ स्टेशनवर उभी. रोज सकाळी शेजारचा एक मुलगा बादलीत फडका बुडवून अख्खी गाडी पुसतो, महिन्याला ५०० रुपये घेतो. मालकाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रंगाशी संबंध असलेले तसेच ठेवले आहेत.

काळा रंग, खारा वारा, तांबडी धूळ, आंब्याचा चीक आणि ओला फडका एका गाडीच्या वाट्याला आले की दीड वर्षात काय दिसतं, ते कोकणात कुणाला वेगळं सांगायला नको.

तक्रार

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मालकांनी गाडी कुडाळजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आणली. त्यांच्या मते रंगच हलक्या प्रतीचा होता. उन्हात उभी केली की बॉनेटवर बारीक ओरखड्यांची गोल गोल जाळी दिसायची, टपावर पांढरे ठिपके होते आणि दारांवर हात फिरवला की खरखर लागायची. त्याआधी त्यांनी दोन ठिकाणी चौकशी केली होती. एका गॅरेजने ‘रबिंग-पॉलिश’चे १,८०० रुपये सांगितले, दोन तासांत गाडी परत. कोल्हापूरच्या एका स्टुडिओने तीन टप्प्यांचं करेक्शन (ओरखडे घालवणारं मशीन पॉलिश) आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा कडक पारदर्शक थर) मिळून २८,००० सांगितले. दोघांनीही गाडी न धुता, न मोजता आकडा दिला होता.

वर्कशॉपच्या मेस्त्रींनी आकडा दिलाच नाही. “सर, आधी धुवन बगया, मगे काय ता ठरवया.”

रंगात नेमकं काय असतं

पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत, म्हणून थोडं थांबून. कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर खालून वर चार थर असतात: गंज रोखणारा ई-कोट, प्रायमर, रंग देणारा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून साधारण ९० ते १३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. चमक दिसते ती या थराची, आणि जाळीही याच थरात पडते.

मशीन पॉलिश रंगात काही भरत नाही. ओरखडा जिथपर्यंत खोल आहे तिथपर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणतं. पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश विखरत नाही आणि काळा रंग पुन्हा काळा दिसतो. म्हणजे गाडी चांगली दिसते, पण थर कमी होतो. बारीक पॉलिशने एखादा मायक्रॉन जातो, जड कंपाउंडने, म्हणजे भरड घासणाऱ्या पेस्टने, तीन-चार सहज. उन्हापासून वाचवणारी द्रव्यं याच थरात असतात आणि ती परत भरता येत नाहीत. नव्या गाडीवर प्रश्न असतो तो एवढाच: जे दिसतंय ते घालवायला किती थर द्यावा लागेल, आणि तेवढा द्यावा का?

धुतल्यावर काय उरलं

पहिला दिवस मशीनला हात न लावता गेला. आधी फोम मारून पाच मिनिटं सावलीत ठेवला, तो वाळायच्या आत प्रेशरने धुतला. मग दोन बादल्या घेतल्या, एकीत शांपू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी धूळ खाली अडकवणारी जाळी. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक पॅनलनंतर साध्या पाण्यात खंगाळायचा. तांबडी धूळ इथेच गेली. जांभ्याच्या धुळीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात, सोबत वाळूचे कण. कंपाउंडमधली घासणारी पूडही बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचीच असते, फक्त तिचे कण एकसारखे आणि मापात बनवलेले असतात. रोजच्या फडक्याने मालक गाडीला रोज थोडं पॉलिशच करून घेत होते, फक्त बेहिशोबी.

मग आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं द्रव. डिकीच्या दारावर आणि दारांच्या खालच्या पट्ट्यावर तो जांभळा होऊन ओघळला. ब्रेकची धूळ आणि स्टेशनवर रुळांच्या बाजूने उडणारी लोखंडाची पूड तापलेल्या रंगावर चिकटते आणि तिथेच गंजते. हाताला लागणारी खरखर बरीचशी हीच होती. उरलेली क्ले बारने, म्हणजे चिकटलेले कण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने काढली, भरपूर शांपूचं पाणी मारत आणि अजिबात दाब न देता. काळ्या गाडीवर क्लेचाही पुसट माग राहतो. त्यामुळे मशीन चालवायचंच नसेल तर क्ले करताना दुप्पट जपावं लागतं.

टपावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समसमान मिसळून भिजवलेलं कापड दोन-तीन मिनिटं ठेवलं आणि लगेच धुतलं. बहुतेक ठिपके गेले. ते बोअरवेलच्या पाण्यातले क्षार होते, रंगावर बसलेले. पण पंधरा-वीस ठिकाणी कडा असलेले गोल खड्डे राहिले. तिथे क्षार उन्हात तापून क्लिअर कोटमध्ये उतरले होते.

संध्याकाळी गाडी पुसून टॉर्चखाली घेतली तेव्हा मालकच म्हणाले, अर्धी तक्रार संपली. ते खरंच होतं. खरखर आणि बहुतेक पांढरे ठिपके रंगाचे नव्हतेच. राहिली ती बॉनेट आणि दारांवरची जाळी, टपावरचे खड्डे, बॉनेटवर चिकाचा एक डाग, बॉनेटच्या पुढच्या कडेवर दगड लागून उडालेले तीन टवके.

मोजणी आणि एक अनपेक्षित दार

रंगाची जाडी मोजायचं गेज आधी त्याच्यासोबतच्या स्टीलच्या पट्टीवर तपासून घेतलं, मग प्रत्येक पॅनलवर पाच-सहा जागी टेकवलं. बॉनेट १०४ ते ११२ मायक्रॉन, टप ९८ ते १०६, डावी दारं १०८ ते ११५. बॉनेटच्या कडेला आणि दारांच्या उठावदार रेषेवर ९२. कडेवर कारखान्यातही रंग पातळच बसतो, आणि रोटरी मशीन (पॅड एकाच जागी गरागरा फिरवणारं) सगळ्यात आधी तिथेच रंग खातं. बंपर प्लॅस्टिकचे, तिथे हे गेज चालत नाही.

उजवं मागचं दार मात्र २०५ ते २४०.

मालक थक्क. अपघात नाही, विम्याचा क्लेम नाही. याचा अर्थ दार डिलिव्हरीच्या आधीच पुन्हा रंगवलेलं होतं. वाहतुकीत किंवा यार्डात लागलेली गाडी दुरुस्त करून देणं नवीन नाही. टॉर्च तिरका धरल्यावर क्लिअर कोटच्या खाली घासणीच्या सरळ रेघा दिसत होत्या, आणि रबराच्या कडेला क्लिअरची बारीक धार राहिली होती.

इथे घाई झाली असती तर चुकीचा निष्कर्ष निघाला असता. जाड रंग दिसला की ‘इथे घासायला भरपूर वाव आहे’ असं वाटतं. गेज पत्र्यापासूनची एकूण जाडी सांगतं. त्यात पुटी किती, प्रायमर किती आणि क्लिअर किती हे सांगत नाही. २४० मधले क्लिअरचे किती आहेत हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. शिवाय कारखान्यातला रंग १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, बाहेरचा फार तर ६० अंशांवर. तो बहुधा मऊ राहतो आणि त्याच पॅडने धुरकट होतो. एक गोष्ट तेवढी जमेची होती: दार निदान सोळा महिने जुनं, म्हणजे त्यातला थिनर केव्हाच उडून गेला होता. ताज्या रंगावर महिना-दोन महिने वॅक्स किंवा सीलंट (रंगावर लावायचा पातळ संरक्षक लेप) लावत नाहीत, ती अडचण इथे नव्हती.

मालकांनी डीलरला लेखी विचारलं. उत्तर गोलमोल आलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे वेळ होती. पण डिलिव्हरीच्या दिवशीची मोजणी हाताशी नव्हती. त्यांनी तो विषय सोडला.

समोर असलेले पर्याय

१,८०० रुपयांचं रबिंग म्हणजे रोटरी मशीन, लोकरीचा पॅड आणि जड कंपाउंड. दोन तासांत याहून वेगळं काही होत नाही. त्याने जाळी जाते, पण काळ्या रंगावर मशीनचेच पट्टे उमटतात, उन्हात इंद्रधनुष्यासारखे फिरणारे. ते झाकायला वरून तेलकट ग्लेझ मारतात. गाडी घरी जाते ती आरशासारखी, आणि तीन-चार धुण्यांनंतर जाळी आणि पट्टे दोन्ही दिसायला लागतात. नव्या गाडीवर हा सगळ्यात वाईट सौदा, कारण चमक टिकत नाही आणि थर मात्र गेलेला असतो.

तीन टप्प्यांचं करेक्शन आणि सिरॅमिक हा दुसरा पर्याय. काम उत्तम होऊ शकतं. पण जड कंपाउंडपासून सुरुवात करण्याइतके ओरखडे या गाडीवर नव्हतेच. कोटिंगबद्दल मेस्त्रींचा आक्षेप वेगळा होता आणि तो पटण्यासारखा आहे: कोटिंगवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात, आणि मचूळ पाण्याचा थेंब उन्हात उभ्याउभ्या वाळला की त्याचा डाग अधिक ठसठशीत पडतो. गाडी जोवर बोअरवेलच्या पाण्याने उघड्यावर धुतली जातेय आणि कलमाखाली उभी राहतेय, तोवर २८,००० टाकून फार काही वाचणार नव्हतं. दगडाचे टवके तर कोटिंगने थांबतच नाहीत.

तिसरा पर्याय मशीन न लावता नुसतं सीलंट. चौथा, एकाच टप्प्याचं हलकं पॉलिश, तेही चाचणी घेऊन. मेस्त्रींचा कल चौथ्याकडे होता, आमच्या मते तिसराही तितकाच योग्य ठरला असता. मालकांना काळी गाडी काळी दिसायला हवी होती. निर्णय त्यांचा होता.

चाचणीचा चौकोन

बॉनेटवर मास्किंग टेपने ४० सेंटिमीटरचा चौकोन आखला आणि सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात केली. मशीन डीए (ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड फिरवता फिरवता हलवणारं), १५ मिलिमीटर थ्रोचं, म्हणजे पॅड तेवढ्या अंतरात हलतं. मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश, चार फेऱ्या: डोळ्यांच्या अंदाजाने निम्मी जाळी गेली. शेजारच्या चौकोनात मध्यम फोम आणि मध्यम पॉलिश, स्पीड साडेचार, पाच फेऱ्या: चारातले तीन हिस्से जाळी गेली आणि धुरकटपणा नाही. तिसऱ्या चौकोनात मायक्रोफायबर पॅड आणि कंपाउंड: आणखी थोडे ओरखडे गेले, पण पृष्ठभाग दुधाळ झाला, म्हणजे त्यावर दुसरा टप्पा करावाच लागणार.

प्रत्येक चौकोन पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच पाहिला. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून राहतं. ते पुसल्याशिवाय केलेली तुलना खोटी असते. कुठल्याही कामगाराला ‘पुसून दाखवा’ म्हणायला हरकत नाही, गाडी तुमची आहे.

दुसरी जोडी ठरली. राहिलेला चौथा हिस्सा तसाच सोडायचा. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने घालवायच्या भानगडीत पडायचं नाही.

प्रत्यक्ष काम

आधी टवके, तेही पहिल्याच संध्याकाळी. तीनपैकी एकात पत्रा दिसत होता आणि तपकिरी ठिपका धरायला लागला होता. बारीक पॉलिश पेपरच्या टोकाने तो खरवडला, अल्कोहोलने पुसला, टूथपिकच्या टोकाने आधी प्रायमर, मग कंपनीच्या कोडचा टच-अप रंग दोन हातांत, वर क्लिअर. रात्रभर वाळू दिला, सकाळी टेप लावून झाकला. हा क्रम उलटा झाला तर पॉलिशची पांढरी पूड टवक्यात बसते आणि रंग धरत नाही. खाऱ्या हवेत गाडीचं खरं नुकसान करतात ते हे टवके. अर्ध्या तासाचं हे काम बाकी सगळ्या पॉलिशपेक्षा मोलाचं होतं.

दुसऱ्या दिवशी काम सकाळी सहाला सुरू झालं. मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली अकरानंतर बॉनेट हाताला चटका देतो, पॉलिश फिरायच्या आत वाळतं आणि पूड उडते. कडा, उठावदार रेषा, रबर आणि चाकांवरच्या काळ्या खरबरीत प्लॅस्टिकला टेप. त्या प्लॅस्टिकमध्ये पॉलिश शिरलं की पांढरं पडतं आणि काढता काढता नाकी नऊ येतात.

पॅडवर मटाराएवढे चार थेंब, ४५ सेंटिमीटरचा चौकोन, हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतका सावकाश, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवून. पॅडच्या बॅकिंग प्लेटवर मार्करने एक रेघ मारली होती: रेघ फिरताना दिसली पाहिजे. डीए वाकडं धरलं किंवा दाबलं की पॅड फिरायचं थांबून नुसतं थरथरतं. मग जाळी जात नाही आणि दोष पॉलिशला दिला जातो. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ, दोन पॅनलनंतर नवा पॅड.

वळिवाच्या वाऱ्याने दुपारी वीज गेली. आली तेव्हा व्होल्टेज इतकं कमी की मशीनचा स्पीड डायलवर एक आणि हातात दुसरा. उरलेली दारं तिसऱ्या दिवशी पहाटे केली. बंपरवर स्पीड कमी ठेवला, कारण प्लॅस्टिक उष्णता धरून ठेवतं आणि रंग मऊ पडतो. उजव्या मागच्या दारावर ठरलेली जोडी अपेक्षेप्रमाणे धुरकट निघाली. तिथे मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिशवर थांबले. टपावरच्या खड्ड्यांच्या कडा बोथट झाल्या, खड्डे राहिले. शेवटी अल्कोहोलने पुसून पॉलिमर सीलंट, आणि बारा तास पाणी नाही. एकूण बिल ६,५०० रुपये.

निकाल

बॉनेटवर पुन्हा मोजलं तर एक ते तीन मायक्रॉन कमी. पण गेजची स्वतःची चूकच दोन-तीन मायक्रॉनची असते, तेव्हा ‘अमुक इतकाच थर गेला’ असं या आकड्यावरून कुणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्यावं. कडेवरचा ९२ तसाच होता, आणि तेच बघायचं होतं.

चार महिन्यांनी, गणपती उरकल्यावर, गाडी पुन्हा टॉर्चखाली घेतली. बॉनेट आणि डावी दारं जवळपास तशीच. डिकीच्या दारावर जाळी परतली होती. चौकशीत कळलं की रोजचा फडका बंद झाला होता, पण पावसात मागची काच चिखलाने भरायची आणि ती पुसता पुसता खालचा पत्राही पुसला जायचा. टपावर नवे ठिपके नव्हते. पावसाच्या पाण्यात क्षार फार कमी, त्यामुळे ही परीक्षा पुऱ्या अर्थाने झालीच नव्हती. ती ऑक्टोबरच्या उन्हात, बोअरवेलच्या पहिल्या धुण्याला होणार.

वेगळं काय करता आलं असतं

वेळ. मेमध्ये धुणं, आयर्न रिमूव्हर, टवके आणि सीलंट एवढंच करून मशीनचं काम नोव्हेंबरवर ढकलता आलं असतं. हवा कोरडी, पत्रा थंड, आणि पावसाळ्यातले ओरखडेही त्याच एका पॉलिशमध्ये निघाले असते. पॉलिश मोजकीच करायची असेल तर ती पावसाळ्याच्या तोंडावर खर्च करू नये.

चाचणी टपावरही घ्यायला हवी होती. तिथला रंग सगळ्यात पातळ आणि दोष वेगळा. बॉनेटवर ठरलेली जोडी टपावर तशीच चालवली गेली. खड्डे जाणार नाहीत हे एका चौकोनात कळलं असतं आणि टपाचा तेवढा थर राहिला असता.

फडक्याचा प्रश्न बिलाच्या वेळी बोलला गेला, खरं तर तो पहिल्या दिवशीचा. आता त्या मुलाला दोन बादल्या, हातमोजा आणि मायक्रोफायबरचे चार टॉवेल दिले आहेत. गाडी आठवड्यातून एकदा, सूर्य चढायच्या आत धुवायची आणि लगेच टिपून घ्यायची. सुकी धूळ पुसायची नाही, नुसतं पाणी मारायचं. उघड्यावर कव्हर घालणार होते, ते रद्द केलं: समुद्राच्या वाऱ्याने कव्हर फडफडतं आणि आतली धूळ रंगावर घासते. कलमाखालून हलवून गाडी पडवीच्या बाजूला, पत्र्याच्या आडोशाला आणली.

बॉनेटवरचा चिकाचा डाग तसाच आहे. आंब्याचा चीक अंगावर पडला तर कातडी भाजते. उन्हात वाळलेल्या चिकाने इथे क्लिअर कोट सुरकुतला आहे, तो घासून सपाट होणारा नाही. बॉनेट रंगवायचे ७,००० रुपये सांगितले गेले. मेस्त्रींनी नको म्हटलं: नखाएवढ्या डागासाठी १४० अंशांवर भाजलेला अख्खा रंग घालवून ६० अंशांवरचा घ्यायचा, आणि या हवेत. मालकांनी ते मान्य केलं. मोजणीचा कागद गाडीच्या पुस्तकात ठेवला आहे, आणि पुढची दोन वर्षं मशीन लावायचं नाही, दर चार महिन्यांनी फक्त सीलंट, असं त्यावर लिहून घेतलं आहे.